जिन्याखालचं बांगड्यांचं दुकान

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत जिन्याखाली एक ठेंगणी, तिरकी जागा होती. कधीकाळी तिथं झाडू आणि फुटक्या बादल्या पडलेल्या असायच्या म्हणे. मला आठवतं तेव्हापासून तिथं कांतामावशीचं बांगड्यांचं दुकान होतं. आत एकच माणूस मावायचं, तेही मांडी घालून. उभं राहायला गेलं की डोकं वरच्या पायरीला आपटायचं. गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसायचं आणि हात आत द्यायचं.

मी प्रिती. त्याच चाळीत दुसऱ्या मजल्यावर वाढले, आता परळला एका शाळेत शिकवते. कांतामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. चाळीतल्या सगळ्याच पोरींची ती मावशी होती. पहिल्यांदा तिच्याकडं बांगड्या भरायला गेले तेव्हा मी सहा वर्षांची असेन. काच टोचेल म्हणून मूठ घट्ट आवळून बसले होते. ती म्हणाली, “हात माझ्याकडं दे आणि तू रस्त्यावरच्या टॅक्स्या मोज.” मी मोजायला लागले. चार झाल्या, पाचवी येईपर्यंत माझ्या हातात सहा बांगड्या होत्या. अंगठा आत दुमडायचा, बोटांची हाडं एकमेकांवर सरकवायची आणि बांगडी नेमक्या त्या क्षणाला पुढं लोटायची, हे तिला असं जमायचं की आपला हात मेणाचा आहे असं वाटावं. तोंडानं सारखं बोलणं चालू. डब्यात काय नेलंस, आई ओरडली का, मोठेपणी कोण होणार. मोठ्या बायकांशी वेगळं बोलायची, हळू आवाजात. कितीतरी बायका नुसतं तेवढ्यासाठी यायच्या.

चार वर्षांपूर्वी आमच्या चाळी रिकाम्या करायला सांगितल्या. जागी टॉवर येणार होते. मावशीच्या खोलीचं नाव यादीत होतं, तिचा मुलगा बुद्धभूषण याच्या नावावर नवीन घर मिळणार होतं. दुकानाचं नाव मात्र कुठल्याच यादीत नव्हतं. मोजणीला आलेला माणूस चांगला होता, तरुण होता. मावशीनं त्याला विचारलं, “माझ्या जागेचं काय?” त्यानं टेप गुंडाळत जिन्याखाली वाकून बघितलं. म्हणाला, “मावशी, ही जागा नाही. हा जिना आहे.”

“बरं,” म्हणाली ती. एवढंच.

दुकान आवरायला मी तिला मदत केली. रविवार होता. बांगड्या ओवलेला एकेक दोरा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवत होतो. मी आपली काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, “मावशी, किती बायकांचे हात धरले असशील गं तू?”

“मोजले नाहीत,” ती म्हणाली. मग हातातला कागद तसाच ठेवून म्हणाली, “पण एक बाई आली होती, तिचा हात मी धरला नाही.”

त्या दुपारी तिनं मला जे सांगितलं ते तिनं आधी कुणालाच सांगितलं नव्हतं, बुद्धभूषणलाही नाही.

कांतामावशीचं गाव कोंडथर, खेडच्या पुढं, मुंबईच्या हमरस्त्याला लागून. गावाची वस्ती डोंगराच्या उतारावर आणि खाली, ओढ्याच्या काठाला, बौद्धवाडी. मावशी पाच-सहा वर्षांची होती तेव्हा वाडीनं दीक्षा घेतली. घरातले देव ओढ्यात सोडले, मेलेली ढोरं ओढायचं बंद केलं. गावाला ते आवडलं नव्हतं.

हमरस्त्याच्या कडेला वडाखाली चार दुकानांची ओळ होती. वाण्याचं, शिंप्याचं, तेलाचा घाणा आणि शेवटी कमळाबाई कासारणीचं. मावशीला त्या दुकानांचा वाससुद्धा आठवत होता. वाण्याकडं ओल्या मिठाचा आणि गुळाच्या ढेपेचा, घाण्यावर खोबऱ्याचा. लहानपणी तिला ती चार दुकानं म्हणजे सगळं जग वाटायचं. आई बाजाराला निघाली की ही मागं लागायची. पण प्रत्येक दुकानाची वाडीच्या माणसांसाठी एक वेगळी रीत होती. वाणी पुडा वरून पदरात टाकायचा. घाण्यावर तेल इतक्या उंचावरून ओतायचे की निम्मं बाटलीच्या बाहेर सांडायचं. शिंपी अंगाला टेप लावायचा नाही, लांबून नजरेनं माप घ्यायचा.

“म्हणून माझे सगळे झगे ढगळ,” मावशी म्हणाली. “मला वाटायचं, झगा असाच असतो. मुंबईला आले तेव्हा कळलं की कपडा अंगाला बसतो.”

आणि कमळाबाई फडकं अंथरायची. तिच्या दुकानाच्या ओट्यावर एक स्वच्छ, पांढरं फडकं असायचं. गावच्या बायका आल्या की ती त्यांचा हात मांडीवर घेऊन बांगड्या भरायची. वाडीच्या बायका आल्या की फडक्यावर बांगड्या ठेवायची आणि बाजूला व्हायची. बायका आपापल्या हातानं चढवायच्या. ज्यांना जमायचं नाही त्यांच्या निम्म्या चढवतानाच वाढायच्या, म्हणजे फुटायच्या.

मावशी नऊ वर्षांची असताना आईबरोबर बांगड्यांना गेली. फडक्यावरच्या हिरव्या बांगड्या उचलल्या आणि हौसेनं घाईघाईत चढवायला लागली. एक बांगडी हाडावर अडली, तिनं जोर लावला आणि काच फुटून मनगटात घुसली. रक्ताची धारच लागली. आई भांबावून नुसती उभी. तेवढ्यात कमळाबाई ओट्यावरून उतरली. पोरीचा हात धरला, काचेचा तुकडा काढला, आपल्या पदराची पट्टी फाडून बांधली. मग तिथंच, ओट्याच्या पायरीवर बसून, तिचा दुसरा हात मांडीवर घेतला आणि चार बांगड्या भरल्या.

“तिचे हात कोमट होते,” मावशी म्हणाली. “आईखेरीज दुसऱ्या कुणी मला धरलेलं नव्हतं तोवर. मला दुखत होतं तरी मी रडायची थांबले.”

त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी पंचमीसाठी दोघी पुन्हा गेल्या. पोर पुढं पळत गेली आणि कमळाबाईपुढं हात करून उभी राहिली. कमळाबाईनं तिच्याकडं बघितलं नाही. फडकं अंथरलं, त्यावर बांगड्या ठेवल्या आणि आत तोंड करून बसली.

“मी हात तसाच धरून उभी होते. किती वेळ, माहीत नाही. आईनं ओढून नेलं मला. वाण्यानं वरून टाकलं त्याचं मला कधी काही वाटलं नाही गं. त्यानं एकदा खाली येऊन दिलं आणि मग वरून टाकलं, असं नव्हतं झालं. हिनं मात्र आधी धरला आणि मग सोडला.”

अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा राजाराम, डिलाईल रोडला राहायचा, गिरणीत होता. मावशी मुंबईला आली. तेरा-चौदा वर्षं बरी गेली. मग संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही आणि राजाराम घरी बसला. तो दिवसभर चाळीच्या कठड्याला टेकून रस्ता बघत राहायचा. कुणी हाक मारली तरी त्याला दुसऱ्यांदा मारावी लागायची. तेव्हा मावशी भुलेश्वरहून बांगड्या आणायला लागली. आधी टोपली घेऊन मजल्यामजल्यावर फिरायची, मग जिन्याखालचे झाडू हलवून तिथंच बसली. बांगड्या भरायला तिला कुणी शिकवलं नाही. पहिले काही महिने तिनं स्वतःच्याच हातावर सराव केला.

सुरुवातीला आसपासच्या चाळीतल्या काही बायका तिच्याकडं यायच्या नाहीत. कासारीण नाही आणि बांगड्या भरते, म्हणायच्या. काही जणींच्या मनात दुसरंच काही होतं, ते त्या बोलायच्या नाहीत. पण लग्नाच्या हंगामात चुडा एकही न वाढता भरून देणारी दुसरी कुणी जवळपास नव्हती. हळूहळू सगळ्या आल्या. ती प्रत्येकीचा हात मांडीवर घ्यायची. प्रत्येकीचा. फडकं तिच्या दुकानात नव्हतंच.

तिची एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्या शेजारचे प्रफुल्लकाका अचानक गेले तेव्हा गावाहून आलेल्या म्हाताऱ्या बायका काकूंच्या बांगड्या फोडायला दगड घेऊन बसल्या होत्या. काकू चाळीस वर्षांच्या पण नव्हत्या. मावशी खालून धावत आली. “थांबा,” म्हणाली, “काच माझी आहे. मी भरली, मी काढते.” तिनं साबणाचं पाणी मागवलं, काकूंचा हात मांडीवर घेतला आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. मग त्या सगळ्या काकूंच्याच ओंजळीत ठेवल्या. “तुझ्या आहेत. घालायच्या की नाही, ते तू ठरव.” म्हाताऱ्या बायका खूप बोलल्या. पण पुढं आमच्या तीन-चार चाळींत कुणी गेलं की आधी मावशीला निरोप जायचा. राजाराम गेला तेव्हा तिनं स्वतःच्या काढल्याच नाहीत. कुणीतरी विचारलं तर म्हणाली, “त्यानं घातल्या नव्हत्या. मग त्याच्या जाण्यानं कशाला काढू?”

अशी ही बाई. आणि हिच्या दुकानात एके दिवशी कमळाबाई आली.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव साल असेल. दुपारची वेळ. साठीच्या पुढची एक बाई, नऊवारी लुगडं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. ऑपरेशनसाठी हिंदमाताला भाच्याकडं आली होती. विचारत विचारत बाकड्यापर्यंत आली, बसली, उघड्या डोळ्यानं सगळं दुकान बघितलं. मग म्हणाली, “गो, तू कोंडथरच्या धर्माची कांता ना?”

धर्मा म्हणजे मावशीचे वडील. मावशीनं आवाजावरूनच ओळखलं होतं.

“नाही,” ती म्हणाली. “मी सातारची.”

“बरं.” बाईनं हात पुढं केला. “हात मोकळा दिसतो. चार भर, बाई.”

मावशीनं खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, बाकड्यावर अंथरला. त्यावर चार हिरव्या बांगड्या ठेवल्या. “घ्या,” म्हणाली, “घाला आपल्या हातानं.”

कमळाबाई त्या बांगड्यांकडं बघत राहिली. मग एक उचलली. तिची बोटं सुजलेली होती, बांगडी हाडापाशी अडली. दुसऱ्यांदा तिनं प्रयत्न केला नाही. चारही बांगड्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि उठली. जाताना म्हणाली, “दुकान छान थाटलंस.”

“म्हणजे तिनं ओळखलं होतं,” मी म्हणाले.

“हो. ओळखून आली होती.” मावशीनं खोक्यात हात घातला, उगाच काहीतरी सारखं केलं. “त्या दिवशी मी पोटभर जेवले, प्रिती. खोटं कशाला सांगू? मला फार बरं वाटलं. तीस-पस्तीस वर्षांची ठणक एका टॉवेलावर उतरवली असं वाटलं.”

“आणि आता?”

“आता बरं वाटत नाही. कधीपासून वाटेनासं झालं, ते पण आठवत नाही.”

दुकान रिकामं झालं. टॉवर होईपर्यंत राहायला ट्रान्झिट कॅम्पात खोली मिळाली होती, बांगड्यांची अकरा खोकी तिथं पलंगाखाली गेली. मावशी दिवसभर खिडकीत बसायची. बुद्धभूषण विमानतळावर नोकरीला, त्याच्या बायकोचीही नोकरी, नातू नील कॉलेजात. एका रविवारी मी भेटायला गेले तर म्हणाली, “मला कोंडथरला ने. कमळाबाईचं दुकान आहे का बघायचंय.”

“मावशी, साठ वर्षं झाली.”

“म्हणूनच. माझं गेलं, तिचं गेलंय का ते बघायचंय.”

आम्ही परळ डेपोतून सकाळची एस. टी. पकडली. फेब्रुवारी होता, डोंगर वाळून गेले होते. खेडला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्यानं कोंडथर म्हणून जिथं थांबवलं तिथं मावशी खाली उतरेना. “हे नाही,” म्हणाली. “पुढं असेल.”

“पुढं दुसरं गाव लागतं,” रिक्षावाला म्हणाला.

हमरस्ता चार पदरी झाला होता. वड नव्हता. दुकानांच्या जागी सिमेंटचं गटार आणि लोखंडी कठडा. पलीकडं एक पत्र्याची टपरी, तिच्यात वेफर्सची पाकिटं आणि थंड पाण्याच्या बाटल्या. टपरीवरचा म्हातारा गावचाच होता. मावशीनं त्याला वाण्याचं विचारलं. वाणी पुण्याला गेला. शिंपी वारला, मुलं अंधेरीला. घाणा कधीचाच बंद, त्याचा दगड रस्त्याच्या भरावात गेला.

“आणि कासारीण?”

“ती तर लयच जुनी गोष्ट. उठून गेलेली इथून. तिची लेक आहे, गंगुबाई. म्हातारपणी परत येऊन राहिलीय. एकटीच असते, त्या फणसाच्या मागं.”

घर लहान होतं, अंगण सारवलेलं. गंगुबाई मावशीच्याच वयाची, किडकिडीत, डोळ्यांवर जाड चष्मा. “कुठून आलाव?” तिनं विचारलं. मावशीनं सांगितलं, मुंबईहून, आणि तिथंच थांबली. मीच म्हणाले, या मूळच्या इथल्या खालच्या वाडीतल्या, धर्माची कांता.

गंगुबाई उठून जवळ आली. चष्मा सारखा केला. “डावा हात बघू,” म्हणाली. मावशीनं हात पुढं केला. मनगटावर तिरका पांढरा वण होता. इतक्या वर्षांत मी तो कितीदा पाहिला असेल, पण कशाचा म्हणून कधी विचारलं नव्हतं.

“मी दुकानात आत बसलेली तेव्हा,” गंगुबाई म्हणाली. “आठ वर्षांची. आईनं पदर फाडला तो मी बघितला.”

मग तिनं जे सांगितलं ते मावशीला ठाऊक नव्हतं. दुसऱ्याच दिवशी गावकी बसली होती. कमळाबाईला बोलावलं, विचारलं, हात का लावलास? ती म्हणाली, पोरीच्या हातातून रक्त जात होतं. रक्त थांबल्यावर बांगड्या का भरल्यास, असं विचारलं, त्यावर ती बोलली नाही. गावच्या बायकांनी तिच्याकडं जायचं बंद केलं. नवऱ्यानं तिला देवळाच्या पायरीवर नाक घासायला लावलं आणि लेकीची शपथ घातली, पुन्हा वाडीच्या पोरीला हात लावलास तर ही पोर मरेल.

“माझी शपथ होती,” गंगुबाई म्हणाली. “म्हणून ती परत तसं वागली तुझ्याशी. तू हात करून उभी राहिलीस ना पंचमीला, त्या दिवशी ती जेवली नाय. एवढं करून धंदा उठला तो उठलाच. चार वर्षांत दुकान मोडलं. चिपळूणला गेलो. बाबा बंदरावर ओझी उचलायला लागला. आईनं परत कुणाला बांगड्या भरल्या नायत.”

मावशी अंगणाकडं बघत होती.

“पण एकदा ती मुंबईला गेलेली,” गंगुबाई पुढं म्हणाली, आता जरा हसून. “डोळ्यांचं ऑपरेशन करायला. आली ती एवढी खुश! म्हणाली, धर्माची कांता भेटली, मोठं दुकान आहे तिचं, तिनं माझा हात धरून बांगड्या भरल्या. हातात दोन होत्या, दोन वाटेत वाढल्या म्हणाली. हाताची सालटी निघालेली. मी म्हटलं, कसली गो कासारीण ती, हात सोलून काढलान. तर माझ्यावरच चिडली. म्हणाली, चांगला हात आहे तिचा, माझाच सुजलाय. पुढच्या पावसात गेली ती. पण जाईपर्यंत येईल त्याला तेच सांगायची.”

मला वाटलं मावशी काही बोलणार नाही. बोलली नसती तर मी तिला दोष दिला नसता.

“गंगुबाई,” ती म्हणाली, “मी नाही भरल्या. मी टॉवेल अंथरून त्यावर ठेवल्या. तिनं नाव विचारलं तर मी सातारची म्हणून सांगितलं. तिनं घरी येऊन आपल्या आपण चढवल्या असतील.”

गंगुबाईच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले.

“हे सांगायला आलीस?”

“नाही. मला आत्ता कळलं. तिचं असं झालं होतं, ते मला माहीत नव्हतं.”

“मग नसतंस सांगितलंस तरी चाललं असतं.”

ती उठून आत गेली. आम्ही ओटीवर बसून राहिलो. आत भांड्यांचा आवाज झाला. मी मावशीला खुणेनं विचारलं, निघूया का? तिनं मानेनंच नको म्हटलं. शेवटी गंगुबाई दोन कप चहा घेऊन आली. आमच्यापुढं ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मावशीनं चहा संपवला. निघताना मावशी म्हणाली, “येते.” गंगुबाई म्हणाली, “हं.”

परतीच्या एस. टी. त पनवेल आल्यावर मावशी म्हणाली, “तिनं लेकीपुढं माझं नाव चांगलं ठेवलं.” मी तिच्या हातावर हात ठेवला. तिनं तो काढून घेतला नाही, पण तिचं लक्ष तिथं नव्हतं.

त्यानंतर तिनं कुणालाच बांगड्या भरल्या नाहीत. आमच्या जुन्या शेजाऱ्यांची स्पृहा लग्नाआधी मुद्दाम ट्रान्झिटला आली, “मावशी, चुडा तुझ्याच हातचा हवा.” मावशीनं सांगितलं, बोटं चालत नाहीत. बोटं चालत होती, ती रोज गव्हातले खडे निवडायची. पलंगाखालची खोकी बुद्धभूषणनं विचारून विचारून अखेर एका दुकानदाराला देऊन टाकली.

एकदा तिनं मला पत्र लिहायला बसवलं. गंगुबाईला. तीनदा सांगितलं, तीनदा फाडायला लावलं. पहिल्यांदा माफीच माफी होती, दुसऱ्यांदा शिंप्याचं, वाण्याचं, वाडीचं सगळं आलं. चौथ्यांदा तिनं दोनच ओळी सांगितल्या. “तुझ्या आईचा दोष नव्हता. माझा राग खरा होता, पण तो चुकीच्या माणसावर काढला.” खाली आपल्या हातानं सही केली, कांता राजाराम. पत्ता टपरीवाल्याच्या नावानं टाकला. उत्तर आलं नाही. पोस्टमनची वाट ती बघायची, पण विचारायची नाही. पाच-सहा महिन्यांनी मी त्या टपरीवाल्याचा नंबर मिळवून फोन केला. तो म्हणाला, गंगुबाईला तिचा पुतण्या घेऊन गेला, बहुतेक नाशिकला. पत्र दिलं होतं तिला. वाचलं का, ते ठाऊक नाही.

हे मी मावशीला सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “हातात दिलं ना?”

“दिलं.”

“मग झालं.”

पण झालं नव्हतं, हे मला दिसत होतं. ती खंगत गेली. डॉक्टरांना वेगळं काही सापडलं नाही. गेल्या वर्षी मार्गशीर्षात, नवीन घराची चावी मिळायच्या आधीच, ती गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आमच्या जुन्या चाळीसमोर, रस्त्यापलीकडच्या विहारात ठेवला होता. वंदना झाली, भन्ते बोलले. बायका किती आल्या होत्या! विरारहून, बदलापूरहून, दिव्याहून. सगळ्यांना एकेक आठवण सांगायची होती. प्रफुल्लकाकांच्या काकू काठी टेकत आल्या होत्या, त्या नुसत्या उभ्या राहिल्या आणि बसल्या. शेवटी बुद्धभूषण मला म्हणाला, “ताई, तू बोल, तुझ्याजवळ ती खूप बोलायची.” मी उभी राहिले. मला कमळाबाईबद्दल सांगायचं होतं. मी समोर बघितलं, त्या सगळ्या बायकांच्या मनात मावशीची जी मूर्ती होती तीही खरीच होती. मी टॅक्स्या मोजल्याचं सांगितलं. लोक हसले, काही रडले. मी खाली बसले. बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही आठ-दहा जणी रस्त्यावर आलो. समोर निळ्या पत्र्यांच्या आड टॉवरचे मजले चढलेले, क्रेन फिरत होती. काकू म्हणाल्या, “आपली चाळ नेमकी कुठं होती गं? त्या खांबापाशी?”

“छे, बरीच अलीकडं,” कुणीतरी म्हणालं. “आपल्या दारातून पूल दिसायचा.”

“पूलही आता नवीन आहे.”

एकीनं नळाच्या जागेवरून अंदाज बांधला, दुसरीनं पिंपळावरून. पिंपळही राहिला नव्हता. आम्ही सगळ्या तिथंच जन्मलेल्या, नाहीतर लग्न होऊन तिथंच नांदलेल्या, आणि पत्र्यासमोर उभं राहून वाद घालत होतो. वॉचमननं येऊन विचारलं, “काय पाहिजे?” काही नाही म्हणालो आणि विरारच्या बायकांना गाडी गाठायची होती म्हणून स्टेशनच्या दिशेनं चालायला लागलो.